न दिसणारी म्हैस

"चित्रं नाई लागत," प्रफुल्ल म्हणाला. "पडदा काळाच राहीन."

"काळा म्हणजे?" मी विचारलं.

"तुम्ही लोक ज्याले काळा म्हणता तो. मी तं काही पाहिला नाई."

टेबलापलीकडे तौफिक पुडाची वडी खात होता. त्याला हसू आलं. मला आलं नाही. आमच्या गटाची ती पहिलीच बैठक होती आणि अजून चहासुद्धा आला नव्हता.

"मी चित्रकार आहे," मी म्हणाले. "चित्रकलेची पदवी घेऊन इथे आले. गेममध्ये चित्रंच नसतील तर मी काय करायचं?"

"ते तुझं तू पाय. माझ्या गेममध्ये ऐकायचं असते."

"तुझा गेम? गट तिघांचा आहे."

"मग जाय, बाईले सांग. गट बदलून घे."

मी उठले आणि खरंच सांगायला गेले.

नागपूरच्या एका खासगी विद्यापीठात डिजिटल माध्यमं आणि गेम यांचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम नुकताच सुरू झाला होता. संगणक, चित्रकला, संगीत आणि नाटक अशा चार ठिकाणांहून मुलं घ्यायची, त्यांना एकत्र बसवायचं आणि त्यांच्याकडून गेम करून घ्यायचे, अशी कल्पना. विभागप्रमुख होत्या डॉ. खानझोडे मॅडम. त्या मूळच्या नाट्यशास्त्राच्या. हा अभ्यासक्रम त्यांनी विद्यापीठाशी भांडून मिळवला होता. शेवटच्या सत्रात प्रत्येक गटाने एक गेम करायचा आणि तो बघायला पुण्याच्या एका स्टुडिओतून परीक्षक येणार होते. बघता बघता ते नोकरीसाठी माणसंही निवडणार होते.

मला ती नोकरी हवी होती. माझे बाबा अकोल्याच्या एका शाळेत चित्रकलेचे शिक्षक. परीक्षा जवळ आली की गणिताचे सर चित्रकलेचा तास मागून घ्यायचे आणि बाबा तो हसत द्यायचे, हे मी लहानपणापासून बघत आले होते. माझं हे गेमचं शिक्षण त्यांना नातेवाइकांना नीट सांगताही येत नसे. "कॉम्प्युटरचंच काहीतरी आहे," असं सांगून ते विषय बदलायचे. आमच्यात ठरलं होतं की उन्हाळ्यापर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर मी परत यायचं. संस्थेत चित्रकला शिक्षकाची एक जागा रिकामी होणार होती आणि बाबा संस्थाचालकांशी बोलून बसले होते.

आणि आता माझ्या कामाच्या नावावर काळा पडदा दाखवायचा होता.

"अस्मिता, बस," खानझोडे मॅडम म्हणाल्या. माझं सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "एका शाखेनं दुसरीला घडवावं म्हणूनच आपण हे सुरू केलंय ना? तू संगीताकडून शीक. आणि हे बघ, प्रफुल्लसारखा विद्यार्थी आपल्याकडे आहे ही विभागाच्या दृष्टीनं मोठी गोष्ट आहे. त्याला जरा सांभाळून घे."

"तो सांभाळून घेण्यासारखा नाही, मॅडम."

"असं बोलू नये," त्या म्हणाल्या आणि फोन उचलला.

प्रफुल्ल डोंगरवार जन्मांध होता. गाव वडसा. त्या भागात दिवाळी उलटली की झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम लागतो, गावोगाव मंडप पडतात. प्रफुल्ल शाळेत असल्यापासून त्याच्या मामाच्या नाटक मंडळीत ऑर्गन वाजवायचा. मंडपाच्या कोणत्या कोपऱ्यातली माणसं उठायला लागली, हे त्याला नुसत्या खोकण्यावरून आणि सतरंजीच्या आवाजावरून कळायचं, असं तौफिक सांगे. ती माणसं पुन्हा खाली बसतील असं काहीतरी तो वाजवायचा. कडक इस्त्रीचा शर्ट, मान ताठ आणि जिभेला लगाम नाही. पहिल्या वर्षी कुणीतरी त्याचा हात धरून त्याला जिना उतरवायला गेलं, तर त्यानं भर वर्गात विचारलं होतं, "तुले रस्ता सापडत नाई का?"

तौफिक कामठीचा. प्रोग्रॅमिंग त्याच्याकडे. भांडण सुरू झालं की तो कानाला हेडफोन लावायचा.

प्रफुल्लच्या गेमची कल्पना मात्र चांगली होती, आणि त्याचाही मला राग आला होता. नदीकाठचं जंगलालगतचं गाव. संध्याकाळ झाली, सगळी जनावरं परतली, एक म्हैस आली नाही. तिला शोधायला तुम्ही निघता. समोर काहीच दिसत नाही. फक्त तिच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज, नदीचा आवाज, सागाच्या वाळलेल्या पानांचा आवाज, आणि वाघ जवळ असला की वानरांचं ओरडणं. हेडफोन लावून, कानानं दिशा ओळखत म्हशीपर्यंत पोचायचं.

महिनाभरात तौफिकने पहिलं रूप तयार केलं. प्रफुल्लने स्वतः गावी जाऊन सगळे आवाज धरून आणले होते. आम्ही दुसऱ्या गटांतल्या मुलांना खेळायला बसवलं. कुणालाच काही समजेना. कुणी नदीत पडलं, कुणी जागच्या जागी फिरत राहिलं, आणि नाटक विभागातल्या एका मुलीने तर डोकं दुखतंय म्हणून हेडफोनच काढून ठेवले.

"यांना कानच नाईत," प्रफुल्ल म्हणाला.

"कान आहेत. तू जागाच ठेवली नाहीस," मी म्हणाले.

"कायची जागा?"

मी नुकताच खेळून बघितला होता. अख्खं जंगल एकदम कानावर येत होतं. पक्षी, किडे, पानं, नदी, गावातला भोंगा, बैलगाडी. प्रत्येक आवाज सुंदर होता आणि प्रत्येक आवाज पुढे येऊन उभा होता.

"एखाद्यानं अख्खा कागद रंगवून टाकावा तसं केलंयस तू. सगळं पुढे. मागे काही नाहीच."

"मागं म्हणजे?"

"म्हणजे दूरचं. दूरचं लहान दिसतं, फिकं दिसतं."

"हे मी लय लोकायकडून ऐकलं. दूरचं लहान काहून होते?"

मला धड उत्तर देता आलं नाही. तो तेवढ्यावरच खूश झाला. "दूरचा आवाज लहान नाई होत," तो म्हणाला. "मोठा आवाज दूर गेला तरी तो मोठाच आहे हे समजते. फक्त त्याच्या कडा जातात."

"चित्रातही तेच," मी म्हणाले. "दूरच्या डोंगराच्या कडा जातात."

आमचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं होतं आणि दोघांनाही ते आवडलं नव्हतं. तो काठी घेऊन उठला आणि चहाला निघून गेला.

त्या रात्री झोपण्याआधी मी ओढणी डोळ्यांना बांधून खोलीत फिरून बघितलं होतं. हे मी दुसऱ्या दिवशी मूर्खासारखं त्याला सांगितलं. मला वाटलं होतं, निदान एवढ्यानं तरी तो जरा माणसासारखा वागेल.

"डोळे बांधून कोणी आंधळं होत नाई," तो म्हणाला. "डोळे बांधले की माणूस फक्त घाबरते. तू घाबरून काय बनवशीन? असे नाटकं माझ्यासमोर करायचे नाई."

मी त्याच्याशी चार दिवस बोलले नाही. पण काम थांबवून चालणार नव्हतं, म्हणून मी माझ्या पद्धतीनं एक नकाशा केला. मोठा पुठ्ठा घेतला. नदीसाठी सुतळी चिकटवली, जंगलाच्या जागी सँडपेपर, गावासाठी काड्यापेटीचे तुकडे. जिथे जिथे आवाज होता तिथे तुरीचा एकेक दाणा. पुठ्ठा त्याच्यासमोर आदळला.

"हे काय, बालवाडी?" त्यानं विचारलं. पण बोटं फिरायला लागली होती. ती सुतळीवरून गेली, थांबली, परत आली. "नदी चूक आहे. गावाच्या इतकी जवळ नसते. मधात बांध असते." त्यानं सुतळी उपटली आणि नव्यानं धरून दाखवली. "इथं."

"तिथे ठेवली तर गेम सुरू होतानाच नदी ऐकू येणार नाही."

"नाईच येत. चालत गेलं की मग येते."

"मग तेच सांगतेय मी तुला इतके दिवस! सुरुवातीला काही ऐकूच नको येऊ दे."

तो सुतळी नव्या जागी दाबत बसला. हार मानली म्हणून नाही, तर पुढचं भांडण कुठून सुरू करावं याचा विचार करत असावा.

त्यानंतरचे कितीतरी आठवडे आम्ही त्या पुठ्ठ्यावरच भांडलो. मी दाणे काढायचे, तो ते परत चिकटवायचा. एकदा सकाळी आला, बोटं फिरवली आणि म्हणाला, "दाणे कमी झाले. कोणी खाल्ले?"

"मी काढले."

"कोणाले विचारून?"

"खेळून बघ."

त्यानं हेडफोन लावले. मी खिडकीशी उभी राहिले. तौफिकने माझ्याकडे बघून खांदे उडवले. बऱ्याच वेळानं प्रफुल्लनं हेडफोन काढले. चांगलं झालं असं तो म्हणाला नाही. वाईट झालं असंही म्हणाला नाही.

"एक पक्षी वापस टाक."

"नाही."

"एक. बांधावर. बांध चढून वर गेलं की खालचा गाव बंद होते आणि पुढचं जंगल अजून सुरू व्हायचं असते. तिथं एकदम काहीच नसलं तर माणसाले वाटते मशीन बिघडली."

मी तो पक्षी टाकला. तो बरोबर बोलत होता. पुढच्या वेळी मुलं खेळायला बसली तेव्हा बांध उतरून जंगलातल्या नाल्यापाशी आल्यावर ती आपोआप थांबायला लागली. श्वास धरून ऐकायची. तिथे आता जवळजवळ काहीच नव्हतं, फक्त दूर कुठेतरी घंटा. आणि मग वानर ओरडलं की एखादी मुलगी खुर्चीत दचकायची. डोकेदुखीवालीनं तर दोनदा खेळून म्हैस घरी आणली आणि सगळ्या वर्गाला सांगत सुटली.

म्हणून आमचं जमलं असं मात्र नाही. मी इतर गटांतली चित्रं बघायचे, राक्षस, किल्ले, पंखांचे घोडे, आणि चिडून परत यायचे. तो माझा चिडका आवाज ऐकायचा आणि मुद्दाम काळ्या पडद्याचा विषय काढायचा.

परीक्षेच्या आधी एका वर्तमानपत्राचा छायाचित्रकार आला. मॅडमनी प्रफुल्लला कीबोर्डसमोर बसवलं आणि मला म्हणाल्या, "अस्मिता, त्याच्या मागे उभी राहा. हात खांद्यावर ठेव. हसा जरा."

मी हात ठेवला.

"हात काढ," प्रफुल्ल हसऱ्या चेहऱ्यानं, ओठ न हलवता म्हणाला.

"मला हौस नाही."

"मग काढ."

तेवढ्यात फोटो निघाला होता.

परीक्षेच्या दिवशी सकाळी सभागृहाच्या व्हरांड्यात आम्ही तिघं सामान घेऊन उभे होतो. प्रफुल्लनं मान वर केली. "वर काय फडफडून राहिलं?"

"बॅनर आहे," तौफिक म्हणाला.

"कायचा?"

"आपल्या विभागाचा."

"काय लिहिलं त्याच्यावर?"

तौफिक बॅगेची चेन उघडायला लागला. प्रफुल्लनं तोंड माझ्याकडे केलं. त्याला माहीत होतं की मी सांगेन. आम्ही काही लपवून एकमेकांना सुखावत नसू, एवढी एकच सोय आमच्यात होती.

"अंधारावर मात," मी वाचलं. "दृष्टिहीन विद्यार्थ्याची गगनभरारी. खाली तुझा फोटो आहे, कीबोर्डवर. आणि खांद्यावर एक हात."

"कोणाचा?"

"माझा. बाकीची मी कापली गेलेय."

 काठी घडी करून त्यानं पिशवीत टाकली आणि सभागृहात शिरला.

स्टुडिओचे परीक्षक हृषीकेश बोडस पस्तिशीचे असतील. बोलायला अगत्यशील. त्यांनी हेडफोन लावले. सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर काहीच दिसत नव्हतं, म्हणून सगळे त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होते. नाल्यापाशी आल्यावर ते थांबले, मान तिरकी केली. थोड्या वेळानं त्यांनी हेडफोन काढले तेव्हा त्यांचे डोळे खरंच ओले होते.

ते प्रफुल्लजवळ गेले, वाकले आणि मोठ्यानं म्हणाले, "कमाल आहात तुम्ही! डोळे नसताना एवढं जग उभं करायचं..."

"हळू बोला सर. कान आहेत मले."

सभागृहात थोडं हसणं झालं. मॅडम हसल्या नाहीत. बोडस सरांनी माझ्याकडे बघितलं. "आणि तुम्ही? इथे लिहिलंय चित्रकला. पण चित्र तर एकही नाही."

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मॅडम पुढे आल्या. "अस्मितानं त्याला खूप मदत केली, सर. ने-आण करायची, वाचून दाखवायचं. फार समजूतदार मुलगी आहे."

 इतक्या महिन्यांचं काम एका दमात ने-आण होऊन बसलं होतं. आणि जे केलं ते दाखवायचं कसं? जे काढून टाकलं, त्यावर बोट ठेवून दाखवता येत नव्हतं.

"कोणाची ने-आण?" प्रफुल्लनं विचारलं.

"प्रफुल्ल," मॅडम म्हणाल्या.

"नाई, मॅडम, कोणाची? ही मले आजपर्यंत कुठंच घेऊन गेली नाई. धड बोलत पण नाई माझ्याशी. समजूतदार तं बिलकुल नाई." तो बोडस सरांच्या आवाजाच्या दिशेला वळला. "सर, तुम्ही नाल्यापाशी थांबले का?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"तुमची खुर्ची वाजायची थांबली. तिथं मी दहाबारा आवाज टाकले होते. हिनं सगळे काढले. मी लय भांडलो. मी एकट्यानं बनवला होता तेव्हा हा गेम कोणाच्याच बापाले खेळता येत नव्हता."

"म्हणजे नेमकं काय केलं यांनी?" बोडस सरांनी विचारलं. विचारण्यात कुत्सितपणा नव्हता, पण विश्वासही नव्हता.

आणि तेव्हा तौफिक, जो भांडण दिसलं की कान झाकायचा, तो खुर्चीवर बसला आणि त्यानं जुनं रूप उघडलं. पहिल्या महिन्यातलं. "सर, हे एकदा खेळा," एवढंच म्हणाला.

बोडस सरांनी पुन्हा हेडफोन लावले. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे. मिनिटभरातच हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"आलं लक्षात," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "चांगलं आहे. मनापासून सांगतो, फार चांगलं आहे. पण परत जाऊन मी तुम्हाला कोणत्या खुर्चीत बसवू? चित्रकार म्हणून घ्यायचं तर चित्रं दाखवावी लागतात. आमच्याकडे या कामाला नावच नाही." मग प्रफुल्लकडे वळून ते, आता हळू आवाजात, म्हणाले, "तुमची गोष्ट मात्र आम्ही लोकांपर्यंत नक्की पोचवू. एक छोटासा व्हिडिओ करू."

"काम आहे का?"

"आवाजाचं काम सध्या आम्ही बाहेरून करून घेतो."

"मग व्हिडिओ पण बाहेरूनच करून घ्या," प्रफुल्ल म्हणाला.

दुपारी नावं जाहीर झाली. आमच्या गटातून तौफिक. चित्रकलेतून राक्षस आणि किल्ले काढणारी मुलगी. तौफिक माझ्याकडे बघेना.

व्हरांड्यात मॅडमनी आम्हा दोघांना गाठलं.  "पाहुण्यांसमोर विभागाची अब्रू घालवलीत. तुला वसतिगृहात खालची खोली मिळावी म्हणून मी कुलगुरूंपर्यंत गेले होते, प्रफुल्ल. काय वाईट केलं मी तुझं?"

"माझा फोटो लटकवला."

"हौस म्हणून लटकवला? ही प्रयोगशाळा संगणक विभागाला हवी आहे. दर महिन्याला मला पत्र येतं. चार माणसांच्या डोळ्यांत भरेल असं काही दाखवलं नाही तर हा अभ्यासक्रम पुढच्या वर्षी राहणार नाही. तुमच्या काळ्या पडद्यावर कोण पैसे देणार आहे?"

"मला ने-आण करणारी म्हणालात तुम्ही," मी म्हणाले.

"मग काय म्हणायला हवं होतं? तू सांग ना. शब्द आहे तुझ्याकडे?"

 मॅडम आत निघून गेल्या. व्हरांड्यात इतर गटांची मुलं, त्यांचे आईवडील, चहाचे कप. प्रफुल्ल जागच्या जागी उभा होता.

"तो बॅनर अजून आहे?"

"आहे."

"मग काढ."

"मी का काढू? फोटो तुझा आहे."

"मले दिसत नाई कुठं बांधला."

मला त्या क्षणी सगळ्यांचाच राग आला होता, त्याचाही. "उजवीकडे वळ," मी म्हणाले. "एवढा नाही, कमी. आता सरळ चाल. पुढे पायरी आहे, एक. समोर खांब. हात वर कर. अजून वर. तिथे दोरी आहे."

तो गेला. कुणीतरी त्याला धरायला पुढे झालं, मी त्यांना म्हणाले, "हात नका लावू." त्याला दोरी सापडली. गाठ चाचपली.

"सुटत नाई."

"मग तोड."

त्यानं दोन्ही हातांनी दोरी ओढली, एकदा, दोनदा, आणि सगळा भार टाकून तिसऱ्यांदा. खिळा उपटून आला. बॅनरची ती बाजू खाली कोसळली आणि तो त्याखाली झाकला गेला.  मी बॅनर बाजूला केला नाही. तो आपला आपण बाहेर आला, केस विस्कटलेले, शर्टाची इस्त्री गेलेली.

"दुसरी बाजू?"

"डावीकडे. तीन खांब सोडून. वाटेत खुर्च्या आहेत, भिंतीला धरून जा."

दुसरी बाजूही खाली आली. मॅडम दारात येऊन उभ्या होत्या.  त्यांच्या चेहऱ्याकडे मला फार वेळ बघवलं नाही.

प्रफुल्लकडून लेखी माफी मागवण्यात आली आणि ती मिळेपर्यंत त्याचा निकाल राखून ठेवला. त्यानं माफी दिली नाही. निकाल न घेताच तो वडशाला गेला आणि मामाच्या मंडळीत परत ऑर्गनवर बसला. निघताना आम्ही एकमेकांचा निरोप घेतला नाही. मला गटातल्या वर्तनाचे गुण कापून पदवी मिळाली. आणि मॅडम म्हणाल्या होत्या तसंच झालं. पुढच्याच वर्षी अभ्यासक्रम बंद पडला आणि प्रयोगशाळेच्या दारावर संगणक विभागाची पाटी लागली.

मी अकोल्याला गेले. शाळेत रुजू झाले. गणिताच्या सरांनी तास मागितला तेव्हा मी नाही म्हणाले. बाबांना दोन दिवस शाळेत तोंड दाखवायला जड गेलं. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मला हे जमायला हवं होतं." आमच्या घरात त्या विषयावर एवढंच बोलणं झालं.

पुढच्या उन्हाळ्यात तौफिकचा पुण्याहून फोन आला. त्यांच्या नव्या गेममध्ये खेळणारी माणसं किल्ल्यात हरवत होती. चित्रं अप्रतिम होती, पण कुणालाच वाट सापडत नव्हती. "बोडस सर म्हणाले, त्या म्हशीवाल्या मुलीला विचार," तो म्हणाला. मी रजा टाकून गेले. किल्ला बघितला. त्यातलं निम्मं काढून टाका म्हणून सांगितलं आणि किल्ला काढणाऱ्या मुलीशी कडाडून भांडले. परत अकोल्याला गेले ते सामान आणायला.

त्याला आता पंधरा वर्षं झाली. गेममधल्या जागा मी रचते. आता या कामाला नावही आहे, त्याची खुर्चीही आहे. प्रफुल्ल हंगामात नाटकं वाजवतो, एरवी घरीच छोटा स्टुडिओ टाकून आवाजाची कामं करतो. त्याला सन्मानपत्रं द्यायला लोक येतात आणि तो त्यांना काय बोलतो हे तौफिक मला हसत सांगतो. माझा त्याच्याशी कधीच फोन होत नाही. पण आमचा नवा गेम आला की तौफिक त्याला तो पाठवतो, आणि काही दिवसांनी माझ्या फोनवर एक आवाजी निरोप येतो. त्यात कशी आहेस नसतं, अभिनंदन तर नसतंच.

गेल्या महिन्यात आला तो असा होता: "मंदिरामागची विहीर खोटी आहे. दोर एवढा वेळ खाली जाते अन् बादली लागल्याचा आवाज मात्र अंगणात पडल्यासारखा येते. अशी विहीर कुठं असते? दुसऱ्या कोणी केली असन तं त्याले हाकल. तू केली असशीन तं लाज वाटू दे."

मीच केली होती.

दोन दिवस मी ऑफिसात कुणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले, हेडफोन लावले आणि बादली विहिरीत सोडली. पुन्हा सोडली. दुपारपर्यंत सोडत राहिले. शेवटी पाणी खरंच खोल गेलं.

प्रफुल्लला मी कळवलं नाही.